फ्रीबीएसडी १४.३ आणि एमपीव्ही: जुन्या थिंकपॅडवर व्हिडिओ कसा चालतो, कुठे अडतो

विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११च्या यादीबाहेर राहिले. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांतून निघालेले असे लॅपटॉप ठाण्यात आणि वाशीत सेकंडहँड मिळतात. लेनोवो थिंकपॅड टी४७० हा त्यातला ओळखीचा. कीबोर्ड दणकट, रॅम वाढवता येते, एचडीएमआय पोर्ट आहे. त्यावर लिनक्स घालणारे पुष्कळ आहेत. हा रिव्ह्यू फ्रीबीएसडी १४.३ या लिनक्ससारख्याच मोफत, पण वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि तिच्यावरच्या एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरचा आहे, आणि प्रश्न एकच आहे: यावर व्हिडिओ नीट बघता येतो का?

येतो. घरातल्या फाइली, मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, यूट्यूब, सगळं उत्तम चालतं. पैसे भरून बघायच्या ओटीटी सेवा मात्र सरळ चालत नाहीत. घरात मुख्य उपयोग तोच असेल तर या वाटेला जाऊ नका. बाकीच्यांना एक संध्याकाळ द्यावी लागेल, कारण फ्रीबीएसडी इन्स्टॉल झाल्यावर समोर येते ती काळी स्क्रीन आणि लॉगिनची ओळ. डेस्कटॉप, चित्राचा ड्रायव्हर, प्लेअर हे सगळं आपण हाताने बसवायचं असतं.

ज्यांनी हे बसवून सोडून दिलं, त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेक जण प्लेअरला दोष देतात. प्लेअरचा दोष क्वचितच असतो. अडचण जवळजवळ नेहमी चार ठिकाणी असते: कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) ग्राफिक्स मॉड्यूल, यूझरची परवानगी, डिकोडिंगचा ड्रायव्हर आणि आवाजाचं युनिट. या चारही जागा क्रमाने तपासल्या की काम होतं. क्रम सोडून प्लेअर बदलत बसलं तर हाती काही लागत नाही.

पहिली जागा: ग्राफिक्स मॉड्यूल

आधी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूझरने पॅकेजं घ्यायची: पीकेजी इन्स्टॉल, मग एक्सऑर्ग (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था), एक्सएफसीई (डेस्कटॉप), डीबस (प्रोग्रॅमांना आपसांत बोलू देणारी सेवा) आणि डीआरएम-केएमओडी (ग्राफिक्सची मॉड्यूलं). डीबस सुरू होण्यासाठी सिसआरसी कमांडने डीबस-एनेबल हे यस करायचं. मग इंटेलचं मॉड्यूल सुरू करायचं, आणि घोडं नेमकं इथे पेंड खातं. जुनी माहिती वाचून अनेक जण आय९१५केएमएस हे नाव बूट फोल्डरातल्या लोडर-डॉट-कॉन्फ फाइलमध्ये टाकतात. ते तिथे टाकायचं नाही. हे मॉड्यूल कर्नल उभा राहिल्यानंतर लोड व्हायला हवं, म्हणून त्याची जागा आरसी-डॉट-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये, केएलडी-लिस्ट या यादीत आहे. सिसआरसी कमांडने केएलडी-लिस्टमध्ये आय९१५केएमएस जोडायचं आणि मशीन रीबूट करायचं. एएमडी ग्राफिक्स असेल तर तिथे एएमडीजीपीयू हे नाव येतं.

रीबूट होताना एका टप्प्यावर स्क्रीनवरची अक्षरं अचानक बारीक होतात, कारण स्क्रीन आपल्या खऱ्या रिझोल्यूशनवर गेलेली असते. मॉड्यूल लोड झाल्याची ही सगळ्यात सोपी खूण. खात्रीसाठी डीमेसग कमांडच्या उत्तरात इनिशियलाइज्ड आय९१५ अशी ओळ शोधा. फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम) सापडलं नाही अशी ओळ दिसली तर एफडब्ल्यूगेट ही कमांड चालवा. १४.०पासून ती सिस्टिममध्येच आहे आणि मशीनला लागणारं फर्मवेअर स्वतः ओळखून आणते.

एक फसगत इथे सांगायलाच हवी. मॉड्यूल लोड झालं नाही तरी एक्सऑर्ग साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या मदतीशिवाय, सुरू होऊ शकतं. डेस्कटॉप दिसतो, माउस हलतो, सगळं ठीक वाटतं. व्हिडिओ लावला की तो अडखळतो आणि पंखा जोरात फिरायला लागतो. मेसा-डेमोज पॅकेजमधली जीएलएक्सइन्फो कमांड चालवा. रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप असं नाव आलं तर ग्राफिक्स चिप कामाला लागलेलीच नाही, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतोय.

आता अपग्रेडचा मुद्दा, कारण चालू असलेलं सगळं बंद पडतं ते याच वेळी. कर्नल मॉड्यूल ज्या आवृत्तीसाठी बांधलेलं असतं तिच्याशीच त्याचं जमतं. पूर्वी १४ मालिकेची कर्नल मॉड्यूलंही बाकीच्या पॅकेजांसारखी त्या मालिकेतल्या आधार असलेल्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर बांधली जात. त्यामुळे नवी आवृत्ती आल्या आल्या अपग्रेड करणाऱ्याला जुन्या कर्नलसाठीचं मॉड्यूल मिळायचं आणि बूट होताना व्हर्जन मिसमॅचचा संदेश यायचा, किंवा स्क्रीन काळी पडायची. १४.२पासून कर्नल मॉड्यूलसाठी स्वतंत्र भांडार आलं, त्याचं नाव फ्रीबीएसडी-केमॉड्स. ही खरोखर मोठी सुधारणा आहे. मात्र जुन्या आवृत्तीवरून चढत आला असाल तर इटीसी फोल्डरातल्या पीकेजीच्या फाइलमध्ये हे नाव आलंय का ते बघा. नाव असेल तर अपग्रेडनंतर डीआरएमचं पॅकेज पीकेजी अपग्रेडमध्ये मायनस एफ लावून पुन्हा बसवा.

आणि तरीही स्क्रीन काळी पडलीच तर घाबरू नका. इन्स्टॉल करताना डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडलं असेल तर फ्रीबीएसडी-अपडेट स्वतःच आधीच्या अवस्थेची एक नोंद ठेवतं. तिला बूट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. सुरुवातीच्या मेनूत जुनी एन्व्हायर्नमेंट निवडली की मशीन कालच्यासारखं उभं राहतं. या एका सोयीसाठी यूएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमऐवजी झेडएफएस घ्यावं.

दुसरी जागा: परवानगी

ही जागा दोन मिनिटांची आहे, पण जास्तीत जास्त लोक इथेच अडतात. रोजच्या यूझरला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालावं लागतं: पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ, मायनस एम, आणि यूझरचं नाव. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं, नाहीतर नवा ग्रुप लागू होत नाही. हे राहिलं की रूटवर व्हिडिओ झकास चालतो आणि आपल्या यूझरवर अडखळतो. असा फरक दिसला की कारण हेच समजा. त्यावर उपाय म्हणून रूटने डेस्कटॉप चालवू नका.

तिसरी जागा: डिकोडिंगचा ड्रायव्हर

व्हिडिओ फाइल दाबून बसवलेली असते. ती उलगडायचं काम प्रोसेसरही करू शकतो आणि ग्राफिक्स चिपमधला खास भागही. चिपने केलं तर लॅपटॉप गार राहतो आणि बॅटरी टिकते, देखभालीसाठी दुपारची वीज गेली की हा फरक लगेच कळतो. यासाठी व्हीए-एपीआय नावाची व्यवस्था आहे आणि तिला इंटेलचा ड्रायव्हर लागतो. पाचव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरसाठी लिबव्हीए-इंटेल-मीडिया-ड्रायव्हर घ्या. चौथ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या मशीनसाठी लिबव्हीए-इंटेल-ड्रायव्हर. सोबत लिबव्हीए-यूटिल्स घ्या, त्यात व्हीएइन्फो ही कमांड येते.

व्हीएइन्फोचं उत्तर शांतपणे वाचायला शिकलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. प्रत्येक ओळीत डावीकडे फॉरमॅटचं नाव आणि उजवीकडे एंट्रीपॉइंट असतो. एंट्रीपॉइंटला व्हीएलडी लिहिलं असेल तर तो फॉरमॅट चिप उलगडू शकते. टी४७०वर एच२६४ हाय, एचईव्हीसी मेन, एचईव्हीसी मेन१० आणि व्हीपी९ या ओळी दिसल्या पाहिजेत. एव्ही१ दिसणार नाही, कारण इंटेलमध्ये ते अकराव्या पिढीपासून आलं. सहाव्या पिढीचा लॅपटॉप घेतला असेल तर १०-बिट एचईव्हीसी (मेन१०, म्हणजे जास्त रंगछटांचं) हातचं जातं, आणि चौथ्या पिढीत एचईव्हीसीच नाही. म्हणून सेकंडहँड घेताना सहावी आणि सातवी पिढी यांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर सातवीच घ्यावी. अलीकडचे बरेच मोबाइल एचईव्हीसीत रेकॉर्ड करू शकतात, त्यातले काही १०-बिटमध्ये. तो फरक घरच्या व्हिडिओतच जाणवतो.

व्हीएइन्फोने एकही ओळ न देता एरर दिली तर पहिल्या दोन जागा पुन्हा तपासा. ड्रायव्हर बदलून उपयोग नाही.

एमपीव्ही

प्लेअर म्हणून एमपीव्हीची शिफारस निःसंकोच करावी असा तो आहे. एमप्लेअर आणि एमप्लेअर२ यांच्या वंशातला, नाना फॉरमॅट उलगडणाऱ्या एफएफएमपेग या सॉफ्टवेअरवर उभा असलेला. खिडकीत मेनूंची गर्दी नाही, कीबोर्डवर सगळं चालतं. एक गोष्ट मात्र ठाऊक हवी: एमपीव्ही हार्डवेअर डिकोडिंग आपणहून सुरू करत नाही. होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिग, त्यातल्या एमपीव्ही फोल्डरात एमपीव्ही-डॉट-कॉन्फ नावाची फाइल करा आणि त्यात एचडब्ल्यूडेक, बरोबरचं चिन्ह, ऑटो-सेफ अशी ओळ लिहा. दुसरी ओळ तशीच: प्रोफाइल, बरोबरचं चिन्ह, फास्ट. जुन्या ग्राफिक्सवर चित्र मोठं करण्याचे महागडे हिशोब ती टाळते आणि डोळ्यांना फरक फारसा कळत नाही.

टर्मिनलमधून फाइल लावली की एमपीव्ही दोन-तीन ओळी छापतो. त्यात यूझिंग हार्डवेअर डिकोडिंग आणि कंसात व्हीएएपीआय आलं की काम झालं. चालू असताना शिफ्ट धरून आय दाबलं की आकडेवारीची पाटी उघडते: कोडेक, डिकोडर, किती फ्रेम गळाल्या, सगळं. ड्रॉप्ड फ्रेमचा आकडा सुरुवातीला एक-दोनने वाढला तर चालेल, पण सतत वाढत राहिला तर कुठेतरी प्रोसेसरवर भार पडतोय. कंट्रोल आणि एच दाबून हार्डवेअर डिकोडिंग चालू-बंद करून लगेच तुलना करता येते. १०-बिट एच२६४ची फाइल असेल तर मात्र व्यर्थ शोधू नका. ती या इंटेल चिप उलगडत नाहीत आणि ते काम प्रोसेसरकडेच जातं. १०८०पीपर्यंत टी४७० ते निभावून नेतो.

घरातल्या जुन्या लग्नाच्या कॅसेट डिजिटल करून घेतलेल्या असतील तर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. फाइल खराब नाही. ते चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक ओळींनी नोंदवलेलं. डी दाबा, रेघा जातात. आयफोनवर एचडीआरमध्ये (जास्त उजेड आणि रंग टिपणाऱ्या पद्धतीने) काढलेला व्हिडिओ काही प्लेअरवर फिक्का, धुरकट दिसतो. एमपीव्ही त्याचे रंग साध्या स्क्रीनला साजेसे करून दाखवतो आणि या बाबतीत तो फार चांगला आहे.

सोसायटीच्या डीव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर काढलेल्या रेकॉर्डिंगच्या फाइलींना अनेकदा डीएव्ही असं शेपूट असतं. त्यासाठी विंडोजवर वेगळा प्लेअर टाकायला सांगतात. एफएफएमपेगला हा साचा कळतो, त्यामुळे एमपीव्हीत ती थेट उघडते. गाडी नेमकी कधी आत आली हे बघायचं असेल तर पूर्णविराम आणि स्वल्पविराम या कळांनी एकेक फ्रेम पुढे-मागे सरकवता येते, एस दाबलं की त्या क्षणाचं चित्र फाइलमध्ये साठतं. सेक्रेटरीला पाठवायला तेवढं पुरतं. वीज गेल्यामुळे रेकॉर्डिंग मध्येच तुटलेली एमपी४ फाइल मात्र उघडणार नाही. मूव्ह ॲटम नॉट फाउंड असा संदेश येईल. फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते आणि ती लिहायची राहूनच गेलेली असते. इथे प्लेअर बदलून काही होत नाही.

चित्र पळताना मध्ये आडवा तडा दिसत असेल तर ते डिकोडिंगचं दुखणं नाही, डेस्कटॉपचं आहे. एक्सएफसीईत विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटर टॅबवर डिस्प्ले कंपोझिटिंग चालू करा, आणि फुलस्क्रीन ओव्हरले विंडोज थेट दाखवण्याची खूण काढून टाका. ती खूण राहिली तर साध्या खिडकीत चित्र स्वच्छ आणि फुलस्क्रीनला तडा, असा प्रकार होतो. शिवाय एक्सएफकॉन्फ-क्वेरीने व्हीब्लँक-मोड जीएलएक्स करून ठेवा.

व्हीएलसीही पॅकेजमध्ये आहे आणि ठीक चालतो. माउसनेच सगळं करणाऱ्या घरातल्या माणसांसाठी तो ठेवावा. मात्र त्यात फाइल अडखळली म्हणून निष्कर्ष काढू नका, तीच एमपीव्हीत लावून बघा.

चौथी जागा: आवाज

फ्रीबीएसडीत आवाजाची व्यवस्था ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) आहे आणि ती साधी, भरवशाची आहे. चित्र आलं आणि आवाज नाही, याचं कारण बहुधा एकच: आवाज एचडीएमआयकडे चाललाय आणि स्पीकर गप्प आहेत, किंवा याच्या उलट. कॅट कमांडने डेव्ह फोल्डरातली एसएनडीस्टॅट फाइल वाचा. पीसीएम०, पीसीएम१ अशी यादी येते. कुठे ॲनालॉग, कुठे एचडीएमआय लिहिलेलं असतं आणि एका ओळीच्या शेवटी डिफॉल्ट. हवं ते युनिट निवडायला सिससीटीएल कमांडने एचडब्ल्यू-डॉट-एसएनडी-डॉट-डिफॉल्ट-युनिटला तो आकडा द्या. कायम ठेवायचं असेल तर इटीसीतल्या सिससीटीएल-डॉट-कॉन्फमध्ये तीच ओळ लिहा. आधीच चालू असलेला प्लेअर जुन्या युनिटलाच चिकटून राहतो, म्हणून तो बंद करून उघडा.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावताना हे आधी करून ठेवावं. तिथे ऐनवेळी बहुतेकदा आवाजच अडतो. स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवणाऱ्या एक्सरँडआर कमांडने एचडीएमआयवर १९२० बाय १०८० लावा. टी४७०चं पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं, त्यापेक्षा १०८०पी ६० हर्ट्झवर चित्र जास्त सुरळीत हलतं.

हेडफोन लावल्यावरही लॅपटॉपचे स्पीकर वाजत असतील तर हेडफोनच्या पिनला सीक्वेन्स १५ द्यावा लागतो. एचडीएए हिंटची ती ओळ डिव्हाइस-डॉट-हिंट्स फाइलमध्ये जाते. पिनचा क्रमांक मशीनप्रमाणे बदलतो, त्यामुळे दुसऱ्याची ओळ तशीच उचलू नका. ब्लूटूथ हेडफोन ही इथली कमकुवत बाजू आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. वायरचे हेडफोन वापरा, किंवा स्वतःला यूएसबी साउंड कार्ड म्हणून ओळखवणारा ब्लूटूथ डोंगल घ्या.

मराठी सबटायटल आणि पेन ड्राइव्ह

ताज्या सिस्टिमवर देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात, कारण फॉन्टच नसतो. नोटो हे पॅकेज घ्या. ते मोठं आहे, पण एकदाच उतरवायचं. मग एमपीव्ही-डॉट-कॉन्फमध्ये सब-फॉन्ट म्हणून नोटो सॅन्स देवनागरी लिहा. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात. सबटायटल मागेपुढे होत असेल तर झेड आणि शिफ्ट-झेड. युनिकोडपूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असेल तर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, प्लेअरमध्ये त्याला इलाज नाही.

पेन ड्राइव्हवरच्या फाइलींची मराठी नावं प्रश्नचिन्हांनी भरलेली दिसली तर माउंट करताना (ड्राइव्ह सिस्टिमला जोडताना) लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, दिलेलं नाही. एफएटी३२ पेन ड्राइव्हसाठी माउंट-एमएसडॉसएफएस कमांडला मायनस एल लावून यूटीएफ-८ असलेलं लोकेल द्या. एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगसाठी एक्सफॅट पेन ड्राइव्ह येतात. त्यांना फ्यूजएफएस-एक्सफॅट पॅकेज लागतं आणि फ्यूजएफएस मॉड्यूल लोड असावं लागतं.

यूट्यूब आणि ओटीटी

फायरफॉक्समध्ये यूट्यूब लावल्यावर पंखा फिरला तर कारण बहुधा एव्ही१ असतं. यूट्यूब ते पाठवतं आणि टी४७०ची चिप ते उलगडत नाही. अबाउट-कॉन्फिगमध्ये मीडिया-डॉट-एव्ही१-डॉट-एनेबल्ड फॉल्स करा. मग यूट्यूब व्हीपी९ देतं आणि ते चिपला जमतं. अबाउट-सपोर्टच्या पानावर मीडिया विभागात कोणता फॉरमॅट हार्डवेअरवर चालतोय त्याचा तक्ता आहे, तो बघूनच पुढचे बदल करा. ब्राउझरमध्ये आवाज येत नसेल तर मीडिया-डॉट-क्यूबेब-डॉट-बॅकएंड या जागी ओएसएस लिहा.

वायफाय कार्डचा वेग १४.३मध्ये काही इंटेल कार्डांवर बराच सुधारला, पण व्हिडिओसाठी लॅनची केबल जास्त भरवशाची. केबल नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा: इफ-यूआरएनडीआयएस मॉड्यूल लोड करायचं, यूई० नावाचं इंटरफेस दिसतं, त्यावर डीएचक्लायंट चालवायचं.

ओटीटीचं कारण सरळ आहे. या सेवा वाइडवाइन नावाच्या कुलपात चित्र पाठवतात आणि त्याची किल्ली गूगल फ्रीबीएसडीसाठी देत नाही. लिनक्ससाठी बांधलेला क्रोम फ्रीबीएसडीच्या लिनक्स सुसंगतता थरावर चालवणारे लोक आहेत. त्यासाठी लिनक्सची एक वेगळी मूळ व्यवस्था आत बसवून सांभाळावी लागते आणि क्रोमच्या नव्या आवृत्तीबरोबर ती बिघडू शकते. घरात स्मार्ट टीव्ही किंवा टीव्हीला लावायची काठी असेल तर मालिका तिथे बघाव्यात. हा लॅपटॉप फाइली, यूट्यूब आणि प्रोजेक्टरसाठी ठेवावा.